बायोडिझेलची राखण: कढईपासून इंजिनापर्यंत

सप्टेंबर २००५ च्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एक नियम लागू झाला. राज्यात विकल्या जाणाऱ्या डिझेलमध्ये दोन टक्के बायोडिझेल असलंच पाहिजे, असा तो नियम होता. मिनेसोटा हा सोयाबीनचा मुलूख असल्यामुळे शेतकरी खूश होते. पण थंडी पडू लागली तशा ट्रकवाल्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. इंधनाचे फिल्टर तुंबत होते, गाड्या वाटेत बंद पडत होत्या. शोध घेतल्यावर एक प्रमुख कारण पुढे आलं. काही बायोडिझेलमध्ये ग्लिसरीनचं प्रमाण मानकापेक्षा जास्त होतं. शेवटी सरकारला ती सक्ती काही काळ थांबवावी लागली.

या ट्रकांच्या टाकीतलं ९८ टक्के इंधन म्हणजे नेहमीचं डिझेलच होतं. उरलेल्या दोन टक्क्यांतला काही भाग बिघडलेला, आणि त्या भागातही बिघाड करणारा पदार्थ चिमूटभर. तेवढ्यावर अवजड ट्रक अडले. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने देशभरातून शुद्ध बायोडिझेलचे नमुने गोळा केले, तेव्हा निम्म्याहून जास्त नमुने मानकात नापास झाले. सगळ्यांत मोठा दोष पुन्हा ग्लिसरीनचाच होता. मग चाचण्या कडक झाल्या, उत्पादक आणि वितरक यांना प्रमाणित करण्याची 'बीक्यू-९०००' ही व्यवस्था पसरली, आणि काही वर्षांत चित्र पालटलं. त्याच मिनेसोटात २०१८ पासून उन्हाळ्यात २० टक्के मिश्रण विकलं जातं. हिवाळ्यात मात्र पाचच टक्के.

आपल्याकडे २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेलचं लक्ष्य ठेवलं आहे. प्रत्यक्षात आपण त्याच्या बरेच मागे आहोत. उशीर झाला याचं फार वाईट वाटून घेऊ नये, असं माझं मत आहे. मिनेसोटाला जे रस्त्यावर शिकावं लागलं, ते आपल्याला कागदावर वाचून शिकता येईल. फक्त वाचायला हवं.

सुरुवात कच्च्या मालापासून करू. एकेकाळी भारतात बायोडिझेल म्हटलं की मोगली एरंड आठवायचा. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने त्याच्यावर भिस्त ठेवली, पडीक जमिनीवर लागवडी झाल्या, पण बियांचं उत्पन्न अपेक्षेच्या जवळपासही आलं नाही. आज कारखान्यांत येणारा माल वेगळा आहे. पामतेलाच्या शुद्धीकरणातून निघणारं स्टिअरिन, प्राण्यांची चरबी आणि तळून झालेलं तेल. यातलं तळणाचं तेल आपल्या सगळ्यांच्या रोजच्या ओळखीचं आहे आणि गुणवत्तेच्या दृष्टीने सगळ्यांत अवघडही. म्हणून तेच धरून पुढे जाऊ.

कढईत तेल पुन्हापुन्हा तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं तयार होत जातात. त्यांचं एकूण प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणासाठी वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकाला द्यायचं, असंही ठरलं. १० ऑगस्ट २०१९ या जागतिक जैवइंधन दिनी सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांत अशा तेलापासून बनवलेलं बायोडिझेल विकत घेण्याची तयारी जाहीर केली. व्यवस्था चांगली आहे. पण फरसाणवाल्याच्या मागच्या दाराशी ठेवलेल्या कॅनसाठी दोन गिऱ्हाइकं असतात. एक संकलक, आणि दुसरा ते तेल स्वस्तात घेऊन पुन्हा कढईत ओतणारा. दुसऱ्याने भाव जास्त दिला की बायोडिझेलचा कच्चा माल गेला, आणि कुणाच्या तरी पोटात गेला. बायोडिझेलच्या गुणवत्तेची साखळी अशी भजीच्या गाडीपासून सुरू होते.

संकलकाच्या कॅनमध्ये काय काय असतं? बटाट्यातून सुटलेलं पाणी, मीठ, बेसनाचे कण, हळदीचा रंग. आणि मुक्त मेदाम्लं. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला जोडलेली मेदाम्लाची तीन शेपटं. उष्णता आणि पाणी यांच्यामुळे काही शेपटं सुटून मोकळी होतात. ताज्या रिफाइंड तेलात अशी मोकळी आम्लं नगण्य असतात. पुष्कळ तळलेल्या तेलात ती काही टक्के असू शकतात. कधी कधी एखाद्या कॅनमध्ये गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइलही येतं. रंग सारखाच काळपट असल्यामुळे डोळ्यांना ते कळत नाही. त्यात गंधक आणि धातू असतात, आणि त्या खनिज तेलाचं बायोडिझेल कधीच होत नाही. ते शेवटपर्यंत जसंच्या तसं मिश्रणात राहतं. म्हणून चांगला कारखाना प्रत्येक खेप उतरवण्याआधी नमुना काढतो, पाणी आणि आम्लता मोजतो, आणि संशय आला तर टँकर परत पाठवतो. परत पाठवण्याची हिंमत असणं ही या धंद्यातली पहिली चाचणी.

आत आलेलं तेल गाळलं जातं, गरम करून निथळत ठेवलं जातं, तळाशी बसलेलं पाणी काढून टाकलं जातं. आता त्यातल्या मोकळ्या आम्लांची सोय लावायची. कारण पुढची मुख्य प्रक्रिया अल्कलीच्या मदतीने होते, आणि आम्ल व अल्कली भेटले की साबण होतो. साबण थोडा असेल तर धुऊन जातो. जास्त असेल तर तेल, पाणी आणि ग्लिसरीन यांचं असं घट्ट कालवण होतं की थर वेगळेच होत नाहीत. मोकळी आम्लं टक्का-दीड टक्क्याच्या वर असली की आधी सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनॉल घालून त्यांचंच एस्टर बनवतात, सुटलेलं पाणी काढतात, आणि मगच मुख्य भांड्याकडे वळतात.

मुख्य प्रक्रिया ऐकायला सोपी आहे. एक टन तेल, त्यात मिथेनॉल, त्यात सोडियम मेथॉक्साइडसारखा उत्प्रेरक. ६० अंशांच्या आसपास तापवायचं, कारण मिथेनॉल ६५ अंशांच्या जरा खाली उकळतं. आणि जोरात ढवळायचं. तेलाच्या रेणूची तीन शेपटं एकेक करून सुटतात आणि मिथेनॉलला चिकटतात. हे झालं मिथाइल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल. उरलेला कणा म्हणजे ग्लिसरीन. एक टन तेलाला हिशेबाने सुमारे ११० किलो मिथेनॉल लागतं, आणि साधारण एक टन बायोडिझेल व शंभरेक किलो ग्लिसरीन मिळतं. प्रत्यक्षात मिथेनॉल दुप्पट घालतात, कारण ही अभिक्रिया उलटही फिरते. दोन्ही बाजूंचा तोल साधला की ती थांबते.

इथे जरा रेंगाळू, कारण मिनेसोटाच्या फिल्टरचं उत्तर याच जागी आहे. तीन शेपटं एकाच वेळी सुटत नाहीत. पहिलं सुटलं की उरतं डायग्लिसराइड, दुसरं सुटलं की मोनोग्लिसराइड, तिसरं सुटलं की मोकळं ग्लिसरीन. अभिक्रिया पूर्ण होण्याआधी थांबली, ढवळणं कमी पडलं, मिथेनॉलमध्ये काटकसर केली किंवा तेलात पाणी राहून गेलं, तर काही रेणू अर्धवट अवस्थेत अडकून बसतात. त्यांच्यात कण्यासह एखाद-दुसरं शेपूट शिल्लक असतं. अनुभवी कारखानदार म्हणूनच काम दोन टप्प्यांत करतो. पहिल्या टप्प्यानंतर खाली बसलेलं ग्लिसरीन काढून टाकायचं, ताजं मिथेनॉल आणि उत्प्रेरक घालायचा, आणि पुन्हा अभिक्रिया चालवायची. ग्लिसरीन काढून घेतल्यामुळे तोल पुढच्या दिशेला ढळतो आणि अडकलेले रेणू सुटे होतात.

यानंतर जास्तीचं मिथेनॉल परत मिळवायचं, आणि बायोडिझेल पाण्याने धुवायचं किंवा रेझिनच्या थरातून गाळायचं. धुण्याने साबण जातो, उत्प्रेरक जातो, मोकळं ग्लिसरीन जातं. मोनो आणि डायग्लिसराइड मात्र धुण्याने जात नाहीत. ते तेलकट आहेत, बायोडिझेलमध्ये विरघळलेले आहेत, पाण्याकडे त्यांची ओढ नाही. म्हणजे अभिक्रियेत राहिलेली कसर पुढे कितीही धुतलं तरी भरून निघत नाही. ऊर्ध्वपातन केलं तर मोठा फरक पडतो, आणि तळणाच्या तेलावर चालणारे अनेक कारखाने ते करतातही, पण त्याचा खर्च आहे. शेवटी निर्वातात गरम करून पाणी उडवायचं. इथे घाई केली तर माल गढूळ दिसतो. मिथेनॉल काढताना घाई केली तर गढूळही दिसत नाही, आणि ते जास्त वाईट. शुद्ध बायोडिझेल सहज पेट घेत नाही. त्याचा फ्लॅश पॉइंट १०० अंशांच्या वर असतो. पण थोडंसं मिथेनॉल राहिलं तरी तो झपाट्याने खाली येतो. साठवणारा निर्धास्त असतो आणि टाकीत मात्र ज्वालाग्राही वाफ साठत राहते.

आता प्रयोगशाळेत जाऊ. शुद्ध बायोडिझेलसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १५६०७ हे मानक आहे. युरोपचं ईएन १४२१४ आणि अमेरिकेचं एएसटीएम डी ६७५१ ही त्याची भावंडं. चाचण्यांची यादी लांबलचक आहे. सगळी इथे देण्यात अर्थ नाही. पण काही आकडे कसे वाचायचे हे कळलं तर प्रमाणपत्र बोलू लागतं.

ग्लिसरीनचे दोन आकडे असतात, मोकळं आणि एकूण. युरोपच्या मानकात मोकळ्याची मर्यादा ०.०२ टक्के, एकूणची ०.२५ टक्के. एकूणमध्ये अर्धवट रेणूंच्या पोटात दडलेलं ग्लिसरीनही धरतात. मोनोग्लिसराइडच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा ग्लिसरीन म्हणून मोजला जातो, डायचा सातवा, मूळ तेलाचा दहावा. मोकळं जास्त आणि एकूण जवळपास तेवढंच असेल, तर दोष धुण्यात किंवा थर वेगळे करण्यात आहे. मोकळं ठीक आणि एकूण जास्त, तर दोष अभिक्रियेत. कारखान्यातला रसायनतज्ज्ञ हे दोन आकडे पाहून कोणत्या विभागाला फोन लावायचा ते ठरवतो.

हे मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो, आणि तो काही प्रत्येक छोट्या कारखान्यात नसतो. त्यांच्यासाठी एक स्वस्त युक्ती जगभर वापरली जाते. २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये तीन मिलिलिटर बायोडिझेल टाकून हलवायचं. बायोडिझेल मिथेनॉलमध्ये विरघळतं, न बदललेलं तेल विरघळत नाही. तळाशी थेंब जमला तर अभिक्रिया अपुरी आहे. ही चाचणी छान आहे, फक्त तिच्यावर जास्त भार टाकू नये. मोनोग्लिसराइड मिथेनॉलमध्ये विरघळतात, म्हणून ते तिला दिसत नाहीत. तिच्यात नापास झालेला माल नक्की वाईट. पास झालेला चांगला असेलच असं नाही. नेमकी हीच गफलत करून माल टँकरमध्ये भरला जातो.

संतृप्त मोनोग्लिसराइडची आणखी एक खोड आहे. गरम असताना ते विरघळलेले असतात, थंडीत हळूहळू बाहेर पडून खाली बसतात, आणि पुन्हा गरम केलं तरी पटकन विरघळत नाहीत. ताज्या, कोमट नमुन्यात सगळं स्वच्छ दिसतं. यासाठी अमेरिकेने २००८ मध्ये मानकात एक नवी चाचणी घातली. ३०० मिलिलिटर नमुना ४.४ अंशांवर १६ तास ठेवायचा, मग २५ अंशांपर्यंत येऊ द्यायचा आणि अतिसूक्ष्म काचतंतूंच्या फिल्टरमधून ओढायचा. ३६० सेकंदांत सगळा पार झाला पाहिजे. किती ग्लिसरीन आहे याची चौकशी न करता फिल्टर तुंबतो का हा थेट प्रश्न विचारणारी ही चाचणी मला सगळ्या यादीत सर्वांत शहाणी वाटते.

आम्लतेचा आकडा ०.५ च्या आत हवा. तो साठवणीत वाढत जातो, म्हणून तो वेळोवेळी पुन्हा मोजण्याजोगा. सोडियम आणि पोटॅशियम मिळून एका किलोत पाच मिलिग्रॅमच्या आत. एस्टरचं प्रमाण किमान ९६.५ टक्के. आणि ऑक्सिडेशन स्थिरता. ती मोजताना नमुना ११० अंशांवर तापवून त्यात हवेचे बुडबुडे सोडतात, आणि तो किती तास तग धरतो ते पाहतात. युरोप आठ तास मागतं, अमेरिका तीन.

या शेवटच्या आकड्याने आपण कारखान्याच्या फाटकाबाहेर येतो. शेंगदाण्याचं कूट जुनं झालं की खवट होतं, तीच क्रिया बायोडिझेलमध्येही चालू असते. मेदाम्लाच्या शेपटात दुहेरी बंध जितके जास्त, तितकी हवा त्याला लवकर बिघडवते. सोयाबीन, सूर्यफूल यांचं बायोडिझेल लवकर बिघडतं; पामचं जास्त टिकतं, पण तेच थंडीत लवकर गोठतं. सोयाबीनचं बायोडिझेल शून्य अंशाच्या आसपास धूसर व्हायला लागतं, पामचं १३-१५ अंशांनाच. निसर्गाने इथे कुणालाच दोन्ही गुण दिलेले नाहीत. आपल्याकडच्या हॉटेलांत मोठ्या प्रमाणावर पामतेल वापरलं जात असल्यामुळे आपल्या तळणाच्या तेलाचं बायोडिझेल दुसऱ्या गटाकडे झुकतं. मुंबईत त्याने काही बिघडत नाही. पण निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा शुद्ध बायोडिझेलची उघड्यावरची टाकी पहाटे दुधाळ झालेली दिसली तर नवल नाही. पाच-सात टक्के मिश्रणात हा त्रास खूप कमी होतो. तरी उत्तर भारताच्या हिवाळ्यात माल पाठवताना तो कोणत्या तेलापासून बनला आहे हे विचारलंच पाहिजे.

बिघाड लांबवायला कारखान्यातच ऑक्सिडेशनरोधक रसायन मिसळतात. ते ताज्या मालात मिसळलं तर उपयोगी. खवटपणा सुरू झाल्यावर मिसळून मागचं मागे जात नाही. टाकी कशाची आहे यालाही महत्त्व आहे. तांबं, पितळ, जस्त, शिसं, कथील यांच्या संपर्कात बायोडिझेल झपाट्याने बिघडतं. म्हणून टाकी पोलादी किंवा ॲल्युमिनियमची, आणि व्हॉल्व्ह पितळी नकोत. सगळी टाकी स्टीलची घेऊन शेवटचा कॉक पितळेचा लावणारे लोक असतात. एवढ्या कारणासाठी एवढा खर्च वाया घालवू नये.

दुसरा शत्रू पाणी. साधं डिझेल पाण्याला जवळ करत नाही; त्यात फार तर शंभरेक पीपीएम पाणी विरघळतं. बायोडिझेल मात्र हजाराच्याही वर सामावून घेऊ शकतं. म्हणून मानकाने ५०० ची मर्यादा घातली आहे. आता गंमत पाहा. बायोडिझेलमध्ये ८००-९०० पीपीएम पाणी असूनही ते काचेसारखं स्वच्छ दिसतं. ते डिझेलमध्ये मिसळलं की मिश्रणाला तेवढं पाणी पेलवत नाही, आणि ते थेंबाथेंबाने टाकीच्या तळाशी उतरतं. मिसळणारा म्हणतो, माझ्याकडे आलं तेव्हा स्वच्छ होतं. त्याचं म्हणणं खरंच असतं. तळाच्या पाण्याच्या आणि इंधनाच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वस्ती करतात. त्यांचा गिलगिलीत थर सुटून फिल्टरमध्ये जातो, आणि त्यांनी सोडलेली आम्लं टाकीचा तळ कुरतडतात.

कोकणच्या पावसाळ्यात हा प्रश्न दसपट होतो. टाकी दिवसा तापते, हवा बाहेर टाकते. रात्री थंड होते, दमट हवा आत ओढते, आणि त्या हवेतलं पाणी पत्र्यावर जमून खाली उतरतं. उपाय साधे आहेत. टाकी शक्यतो भरलेली ठेवणं, श्वासनळीवर ओलावा शोषणारा फिल्टर बसवणं, तळाला उतार ठेवून सर्वांत खोल जागी निचऱ्याचा नळ देणं, आणि मापाच्या काठीला पाणी दाखवणारी पेस्ट लावून नियमित तपासणं. पेट्रोल पंपांवर ही पेस्ट असतेच. इंधनाने तिचा रंग बदलत नाही, पाण्याने बदलतो.

वितरणात सर्वांत जास्त चुका मिसळताना होतात. बायोडिझेल डिझेलपेक्षा जड असतं. टँकरमध्ये आधी बायोडिझेल आणि वरून डिझेल ओतलं तर बराचसा जड थर खालीच राहतो, आणि पहिल्या पंपाला २० टक्क्यांचं मिश्रण तर शेवटच्याला जवळजवळ शुद्ध डिझेल जाऊ शकतं. आधी डिझेल आणि वरून बायोडिझेल हा क्रम बरा. डेपोतच दोन्ही प्रवाह मीटर लावून एकाच नळात मिसळणं सर्वांत चांगलं. मिश्रणाची टक्केवारी अवरक्त प्रकाशाच्या उपकरणाने काही मिनिटांत कळते, कारण एस्टरचा रासायनिक बंध त्या प्रकाशाची एक ठरावीक पट्टी शोषतो. नमुना मात्र वरून, मधून आणि तळातून, तिन्ही ठिकाणांहून घ्यायला हवा. नुसता वरचा नमुना घेऊन सगळं ठीक आहे म्हणणं ही स्वतःची फसवणूक.

टँकरने आधीच्या फेरीत काय वाहिलं होतं, हाही डेपोच्या फाटकावर विचारायचा प्रश्न. आणि उलट बाजूनेही विचारायचा. बायोडिझेल धातूच्या पृष्ठभागाला चिकटून राहतं आणि मागून येणाऱ्या मालात उतरतं. विमानाच्या इंधनात ते चालत नाही. तिथली मर्यादा किलोमागे ५० मिलिग्रॅम आहे. त्यामुळे एकाच पाइपलाइनमधून अनेक उत्पादनं वाहणाऱ्या देशांत बायोडिझेल मिसळलेल्या डिझेलमागे लगेच विमानाचं इंधन सोडत नाहीत.

प्रत्येक हस्तांतराच्या वेळी एक सीलबंद नमुना राखून ठेवणं ही या साखळीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. तक्रार आली की कारखाना डेपोकडे बोट दाखवतो, डेपो टँकरकडे, टँकरवाला पंपाकडे. राखून ठेवलेल्या बाटल्या असल्या तर भांडण एका दिवसात मिटतं. आणि प्रमाणपत्राबद्दल एक पक्कं लक्षात ठेवावं. ते नमुना काढला त्या दिवसाबद्दल बोलतं. सहा महिन्यांपूर्वीचं प्रमाणपत्र दाखवून आज विकलेला माल म्हणजे नुसता कागद विकल्यासारखं आहे.

इथवर आपण प्रामाणिक माणसांच्या चुका पाहिल्या. गेल्या काही वर्षांत गुजरात आणि महाराष्ट्रातल्या महामार्गांवर 'बायोडिझेल'ची पाटी लावून भलताच द्रव विकणाऱ्या पंपांवर धाडी पडल्या आहेत. तिथे मिळणारा माल अनेकदा औद्योगिक द्रावकं आणि बेस ऑइल यांचं मिश्रण असतो. त्यात वनस्पतीचा किंवा चरबीचा अंशही नसतो. डिझेलवरच्या करांच्या बोजामुळे हा धंदा परवडतो आणि लिटरमागे पैसे वाचतात म्हणून ट्रकमालक वळतात. केंद्राच्या एप्रिल २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डिझेलमध्ये मिसळण्यासाठी विकायचं बायोडिझेल मानकाला उतरलेलं असायला हवं. असा बनावट माल घनतेवरून पकडणं कठीण, कारण द्रावक आणि जड तेल यांचं प्रमाण जुळवून घनता हवी तशी आणता येते. एस्टरचं प्रमाण मात्र जुळवता येत नाही. खऱ्या मालात ते ९६.५ टक्क्यांच्या वर असतं, बनावटात जवळजवळ शून्य. फ्लॅश पॉइंटही बहुधा पितळ उघडं पाडतो. या लोकांनी खऱ्या बायोडिझेलचं जितकं नाव घालवलं, तितकं मोनोग्लिसराइडनेही घालवलं नसेल.

शेवटी इंधन वाहनात येतं. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आल्यावर डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आणि नाजूक उत्प्रेरक बसले. इंजेक्टरमधला दाब हजाराच्या पटीत बार असतो, आणि त्यातल्या फटी केसापेक्षा कितीतरी बारीक. आता एक हिशेब करू. एक ट्रक वर्षाला ३०,००० लिटर डिझेल जाळतो आणि त्यात सात टक्के बायोडिझेल आहे असं धरा. म्हणजे २,१०० लिटर, साधारण १,८५० किलो. सोडियम-पोटॅशियम अगदी मर्यादेवर, किलोला पाच मिलिग्रॅम असलं, तर वर्षाला नऊ ग्रॅम धातू इंजिनातून जातो. काजळी तापवून जाळता येते, धातूची राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये साचून राहते. मानक पाळूनही हे एवढं. धुण्यात कसूर होऊन तोच आकडा पाच-सहा पट झाला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. काजळीचा फिल्टर तापवण्यासाठी काही इंजिनांत सिलिंडरमध्येच जादा इंधन फवारतात. डिझेलचा बराच भाग इंजिन ऑइलमधून पुन्हा वाफ होऊन निघून जातो. बायोडिझेलचा उत्कलनांक वरचा, म्हणून ते ऑइलमध्येच राहून त्याला पातळ करतं. जास्त टक्क्यांचं मिश्रण वापरणाऱ्यांनी ऑइल बदलण्याचं अंतर कमी ठेवावं, ते यासाठी.

जुन्या गाडीत पहिल्यांदा जास्त मिश्रण घातलं की सुरुवातीला फिल्टर तुंबतो आणि लोक इंधनाला शिव्या देतात. त्यात बऱ्याचदा दोष टाकीचा असतो. बायोडिझेल चांगलं द्रावक आहे. वर्षानुवर्षं टाकीच्या भिंतींवर बसलेला गाळ ते सोडवतं. दोनतीन फिल्टर लवकर बदलले की प्रश्न मिटतो. मिटला नाही तर मग इंधनाकडे पाहावं. नैसर्गिक रबर आणि नायट्राइलच्या जुन्या नळ्या मात्र फुगतात, मऊ होतात. त्या बदलाव्याच लागतात. आणि आपल्या इंजिनाच्या कंपनीने किती टक्क्यांपर्यंत परवानगी दिली आहे, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. हमी त्या आकड्यापुरतीच.

गाडीतलं इंधन आठवड्या-दोन आठवड्यांत संपतं, म्हणून ते फारसं बिघडत नाही. खरी पंचाईत इमारतींच्या आणि रुग्णालयांच्या जनरेटरची. त्यांच्या टाकीत भरलेलं डिझेल कधी कधी वर्षभर तसंच पडून असतं, आणि आजच्या मानकानुसार डिझेलमध्ये सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असू शकतं. मिश्रण सहा महिन्यांच्या आत वापरून संपवावं, असा सर्वसाधारण सल्ला आहे. तुमच्या सोसायटीत जनरेटर असेल तर पुढच्या सभेत दोनच गोष्टी विचारा: टाकीत शेवटचं इंधन कधी भरलं, आणि पावसाळ्यानंतर तळाचा नळ उघडून पाणी कुणी काढलं का.